कचरा वेगळा कोण करतो?

आपल्याकडे कचरा वेगळा होत नाही, अशी तक्रार कायम कानावर येते. खरे तर तो वेगळा होतोच. पुठ्ठ्याचे खोके, पाण्याची बाटली, पत्र्याचा डबा, जुनी वही यांतले जे काही विकण्याजोगे असेल ते कुणीतरी उचलते, निवडते आणि भंगाराच्या दुकानात नेऊन तोलते. हे कुणीतरी बहुतेक वेळा एक बाई असते. स्वयंपाकघरात दोन डबे ठेवायचा आपल्याला कंटाळा आला, की तेच काम तिला आंबलेल्या भातात आणि फुटलेल्या काचांत हात घालून करावे लागते. हे काम उकिरड्यावरून घराच्या दारात आणण्याचा प्रयत्न पुण्याने गेल्या तीन दशकांत केला. तो पुरता यशस्वी झालेला नाही, पण त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

संघटनेपासून सहकारापर्यंत

१९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू मुलखातून अनेक कुटुंबे पुण्यात आली. त्यांतल्या कित्येक बायका कचरा वेचू लागल्या. त्यांत दलित समाजातल्या स्त्रियांची संख्या मोठी होती. १९९०च्या सुमारास लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातून या बायकांपर्यंत पोहोचल्या. अक्षरओळखीच्या आधी बायकांना हवी होती ती पोटापाण्याची सोय. मग कोरेगाव पार्क भागातल्या घरांतून वेगळा केलेला सुका कचरा थेट या बायकांच्या हाती मिळावा, अशी व्यवस्था झाली. कुंडीत न उतरता माल मिळू लागला. तो कोरडा आणि स्वच्छ असल्याने भावही बरा येऊ लागला आणि कामाचे तास कमी झाले. घरात केलेले वर्गीकरण कुणाच्या तरी मजुरीत थेट भर घालते, हे या छोट्या प्रयोगाने दाखवून दिले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट लक्षात आली. कचऱ्यात पैसा आहे हे दिसताच गाडी घेऊन येणारा व्यावसायिकही पुढे येतो आणि वर्षानुवर्षे वेचणारी बाई बाहेर फेकली जाते. हे टाळायचे तर संघटना हवी होती. मे १९९३मध्ये कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ‘आम्ही भिकारी नाही, चोर नाही, कामगार आहोत’ हे या संघटनेचे म्हणणे होते. पुढे महापालिकेने शिक्कामोर्तब केलेली ओळखपत्रे मिळाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१मध्ये झालेल्या अभ्यासात या बायकांच्या श्रमांमुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला गेला. त्या हिशेबाच्या बळावर त्यांच्यासाठी आरोग्य विम्याची मागणी झाली आणि महापालिकेने ती मान्यही केली.

दरम्यान, अल्मित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेमुळे देशाचे कचराविषयक नियम २०००मध्ये आले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे हे पालिकांचे काम ठरले. पुण्यात २००५मध्ये पंचायतीने महापालिकेबरोबर पथदर्शी प्रकल्प केला. २००८मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून कामाला लागली. आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक तिच्यामार्फत शहराच्या मोठ्या भागात दारोदार जातात. घरटी महिन्याचे शुल्क आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे, अशी त्यांची कमाई असते.

पोते उघडल्यावर

फेरी संपली की निवडण्याच्या जागी पोते पालथे होते. पहिला हात पुठ्ठ्यावर पडतो. कोरडा पुठ्ठा चपटा करून गठ्ठ्यात जातो. आमटी सांडलेला पुठ्ठा बाजूला पडतो, कारण भिजलेल्या लगद्याला दुकानदार भाव देत नाही. वहीचे जाड आवरण फाडून आतला पांढरा कागद वेगळा होतो, कारण पांढऱ्या कागदाचा दर रद्दीपेक्षा चढा असतो. पाण्याची बाटली एका प्लास्टिकची आणि तिचे झाकण दुसऱ्याचे, म्हणून झाकण फिरवून वेगळ्या पिशवीत टाकतात. दुधाची पिशवी धुतलेली असेल तर ठीक, नाहीतर दुपारपर्यंत तिचा वास अख्ख्या पोत्याला लागतो. वेफरच्या चकचकीत पाकिटाला मात्र कुणी विचारत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर त्यात असे चिकटलेले असतात, की ते सोडवणे परवडत नाही.

या ढिगातच कधी वापरलेली सुई, कधी ब्लेड, कधी उघडा सॅनिटरी पॅड किंवा लहान मुलाचा डायपर हाताला लागतो. हातमोज्याला अंगठ्याजवळ भोक असेल तर सुई आत शिरते. म्हणूनच ‘स्वच्छ’ने लाल ठिपक्याची मोहीम चालवली. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचा आणि वर लाल पेनने मोठा ठिपका काढायचा, म्हणजे कचरा उचलणारी बाई पुडके न उघडता बाजूला ठेवते. घरच्या माणसाला हे करायला अर्धा मिनिटही लागत नाही.

ओल्याचे काय होते

आपल्या शहरांच्या कचऱ्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग ओल्याचा असतो. भाजीची देठे, सालपटे, चहाचा चोथा, उरलेले अन्न. हे उघड्यावर हवेशीर पसरले तर कुजून माती होते. डेपोच्या ढिगाखाली दाबले गेले, तर हवेविना सडून मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी विहिरींत उतरते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात पडला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी हे भोगले. त्यांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी आंदोलने केली. मुंबईत देवनारच्या डेपोला जानेवारी २०१६मध्ये आग लागली, तेव्हा परिसरातले लोक दिवसचे दिवस धुरात राहिले. हे डोंगर आपण घरातूनच पाठवलेले असतात.

ओला कचरा घरी किंवा सोसायटीत जिरवणे अवघड नाही, मात्र त्याचे शास्त्र पाळावे लागते. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण २५ ते ३० भागांस एक भाग या प्रमाणात लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी जास्त असते, म्हणून प्रत्येक थरावर सुका पालापाचोळा, भुसा किंवा नारळाचा काथ्या टाकावा. ओलावा निम्म्याच्या थोडा वर असावा. मूठ आवळली तर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. मोठ्या ढिगाचे तापमान ५५ अंशांवर जाते आणि त्या उष्णतेत रोगजंतू व तणाचे बी मरते. वास सुटला तर समजावे की हवा कमी पडली. मग वर-खाली करून पालापाचोळा वाढवावा. काळेभोर, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या मातीसारखा वास येणारे खत काही आठवड्यांत हाती येते. गांडूळखतासारख्या सोयी करणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका मिळकतकरात सवलतही देते.

नियम आहेत, सवय नाही

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरोघरी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करणे बंधनकारक केले. रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी टाकली आणि कचरावेचकांच्या संघटनांना व्यवस्थेत सामावून घ्यायला पालिकांना सांगितले. महाराष्ट्राने २०१८मध्ये प्लास्टिकबंदी आणली, तर केंद्राने १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. नियमांची वानवा नाही. वानवा आहे ती त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसांची.

इच्छा असेल तर छोटे गावही काय करू शकते, याचे उदाहरण सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचे आहे. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने वर्गीकरणाचा आग्रह धरला. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्यांच्या डांबरात मिसळणे, बाकी मालाची विक्री, अशी वाट प्रत्येक गोष्टीला मिळाली. जुन्या कचरा डेपोचे रूप पालटले आणि ती जागा पाहायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. तिथे उभारलेल्या यंत्रांइतकाच घराच्या दारात धरलेला आग्रहही कामाचा ठरला.

पुण्यातही शेवटी गाठ दारापाशीच येते. एकदा ओला आणि सुका एकत्र झाला, की पुढच्या कितीही महागड्या प्रकल्पाला तो पुन्हा नीट वेगळा करता येत नाही. भिजलेला कागद जाळायला इंधन लागते, काच मिसळलेले खत शेतकरी घेत नाही. मिसळण्याचे हे नुकसान महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसते, डेपोशेजारच्या गावात दिसते आणि सर्वांत आधी कचरावेचक बाईच्या हातावर दिसते. म्हणून वर्गीकरणाला नागरिकांचा चांगुलपणा म्हणणे थांबवावे. ते आपल्या वाटणीचे काम आहे. आपण ते केले नाही, तर ते आपल्याहून गरीब माणसाच्या अंगावर पडते.

दिवाळीची आवराआवर आता होईल. मिठाईची खोकी, फटाक्यांचे कागद, फुटलेल्या पणत्या, जुन्या वह्या असा ढीग दारात साचेल. तेव्हा एवढे करावे. पुठ्ठा कोरडा ठेवावा. काच वर्तमानपत्रात गुंडाळून कचरावेचक बाईच्या हाती सांगून द्यावी. बॅटऱ्या आणि जुन्या गोळ्यांची पिशवी निराळी करावी. पॅड व डायपरवर लाल ठिपका काढावा. महिन्याचे शुल्क ठरल्या तारखेला, न मागता द्यावे. बोनसच्या यादीत दूधवाला आणि वॉचमन असतील, तर कचरा नेणाऱ्या ताईंचेही नाव त्यात असू द्यावे.