मोट, मळसूत्र आणि हृदय

मोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हृदयाचं काम लगेच कळतं. मोट भरते, वर येते, रिती होते, पुन्हा खाली जाते; पाटात पाणी थांबून थांबून येतं. थकलेल्या हृदयाला हातभार लावणारे सुरुवातीचे पंप असेच होते. ‘हार्टमेट एक्सव्हीई’ हा किलोभराहून जड पंप पोटाशी बसवत. आतला पडदा पुढेमागे होई, झडपा उघडत-मिटत. त्यानं माणसं जगवली. 2001च्या रीमॅच चाचणीत वर्षअखेर पंपावरचे 52 टक्के रुग्ण हयात होते, केवळ औषधांवरचे 25. पण पडदा आणि झडपा झिजत.

वाट सापडली ती शेतात. 1976 साली इजिप्तमधल्या एका खेड्यात रिचर्ड वॅम्प्लर या डॉक्टरांनी माणसं नळीतलं मळसूत्र हातानं फिरवून पाणी उपसताना पाहिली. झडप नाही, पडदा नाही, धार सलग. हेच मळसूत्र पेन्सिलीएवढं करून मांडीच्या धमनीतून हृदयात नेलं तर? मिनिटाला 25,000 फेरे घेणारं पातं तांबड्या पेशींचा चुरा करील, असं जाणकारांना वाटे. पण पेशी पात्यापाशी क्षणभरच असतात, म्हणून बचावतात. 1988 साली ह्यूस्टनला डॉ. ओ. एच. फ्रेझियर यांनी हा ‘हिमोपंप’ पहिल्यांदा रुग्णाला लावला. हृदयाची नक्कल सोडून देण्याचं हे धाडस मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढचा ‘हार्टमेट टू’ जेमतेम 290 ग्रॅमचा, कायम बसवायचा. त्याचीही धार सलग, म्हणून त्याच्या रुग्णाचं मनगट धरलं तर बहुधा नाडी लागत नाही. नर्स दंडाला पट्टा बांधते, कोपराच्या खळगीत डॉप्लर टेकवते. ठोक्यांऐवजी अखंड सूं सूं ऐकू येतं. माणूस मात्र समोर बसून गप्पा मारत असतो!

‘हार्टमेट टू’चा फिरता भाग माणकाच्या बेअरिंगवर टेकलेला असे. पंपात गुठळी होण्याची धास्ती राहिलीच. रक्त रेंगाळलं की गोठतं. ‘हार्टमेट थ्री’मध्ये चाक चुंबकानं अधांतरी तोललेलं असतं, कुठंच टेकत नाही, भोवती रक्ताला ऐसपैस वाट. शिवाय दर दोन सेकंदांनी त्याचा वेग मुद्दाम कमी-जास्त होतो, म्हणजे कोपऱ्यातलं रक्तही धुऊन निघतं. सोडून दिलेला ठोका असा परत आला, पण वेगळ्या कामाला.

पंपाला वीज पुरवणारी, पोटातून बाहेर येणारी एक तार मात्र अजून आहे. तिच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून घरची माणसं हात धुऊन, मास्क लावून पट्टी बदलतात. कमरेला नियंत्रक, अंगावर दोन बॅटऱ्या. एक काढायची, तिथं भरलेली बसवायची, हिरवा दिवा पाहायचा, मगच दुसरीला हात लावायचा.