कमरेंतील उसण आणि मणक्यांतील चीर

आमच्या धाकट्या जाऊबाई गेल्या मार्गशीर्षांत तांदुळाचा डबा फळीवर चढवावयास गेल्या आणि कमरेंत उसण भरून तेथेंच खालीं बसल्या. शेक झाला, लेप झाले. शेवटीं चुंबकीय चित्र काढण्यांत आलें. अहवालांत ‘चकतीच्या कड्यास चीर’ असे शब्द वाचतांच त्यांच्या डोळ्यांना पाणी आलें. “आतां मी जन्माची अंथरुणाला खिळलें,” असें त्या म्हणूं लागल्या. दुखण्यापेक्षां त्या तीन शब्दांचेंच ओझें अधिक झालें! म्हणून ही चीर म्हणजे काय, हें नीट समजून घेणें प्रत्येक घरास हिताचें आहे.

आपल्या कण्यांत मणक्यांच्या दरम्यान एकंदर २३ चकत्या असतात. बोलण्यांत आपण त्यांना ‘गाद्या’ म्हणतों. प्रत्येक चकतीच्या मध्यभागीं पाणीदार, लिबलिबीत गर आणि त्याभोंवतीं चिवट तंतूंचें कडें असतें. या कड्याचे १५ ते २५ पापुद्रे असून, एकांतील तंतू एका बाजूस तिरपे, तर लगतच्यांतील उलट बाजूस. त्यामुळें शरीर कोणीकडेहि वळलें तरी ताण सोसला जातो. दिवसभराच्या भारानें गरांतील कांहीं पाणी निघून जातें व रात्रीं निजल्यावर तें परत भरतें. म्हणूनच सकाळीं माणूस संध्याकाळपेक्षां किंचित् उंच भरतो.

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग मात्र फसवा आहे. चकती वरच्या व खालच्या मणक्यांशीं घट्ट जोडलेली असते. ती सबंध सरकत नाहीं. वयोमानानें गरांतील पाणी आटतें, कडें झिजतें, आणि त्यास चिरा पडतात. चीर आरपार गेल्यास गराचा अंश बाहेर डोकावतो. वेदनेची जाणीव करून देणारे मज्जातंतू कड्याच्या केवळ बाहेरील भागांतच असल्यामुळें आंतील चीर बहुधा जाणवतहि नाहीं. बाहेरपर्यंत पोंचलेली दुखूं शकते. प्रौढ चकतीच्या अंतर्भागांत रक्तवाहिन्या नसल्यानें ती सावकाश भरून येते.

बाहेर आलेल्या गरानें मज्जातंतूचें मूळ दाबलें किंवा चेतवलें, म्हणजे कळ नितंबांतून थेट पायापर्यंत उतरते. आयुर्वेदांत या व्याधीस गृध्रसी म्हणतात. तिचा चकतीशीं असलेला संबंध बोस्टनचे मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं १९३४ सालीं आपल्या निबंधांत स्पष्ट मांडला. तेव्हांपासून कमरेच्या प्रत्येक दुखण्याचें खापर चकतीवर फोडण्याची प्रवृत्ति वाढली.

परंतु १९९४ सालीं अमेरिकेंत पाठदुखी मुळींच नसलेल्या ९८ व्यक्तींचीं चित्रें काढलीं, तेव्हां सर्व चकत्या निर्दोष असलेले शेंकडा ३६ च निघाले! पुढें २०१५ सालीं अशा ३,११० निरोगी माणसांच्या तपासण्यांचा आढावा निघाला. त्यांत विशीच्या वयांतहि शेंकडा १९ जणांच्या कड्यास चीर आढळली, आणि ऐंशीच्या वयांत शेंकडा २९ जणांच्या. अर्थ असा कीं, ही चीर पुष्कळदां केस पिकण्यासारखीच वयाची खूण असते. याचा अर्थ दुखणें खोटें, असा मात्र कोणीं करूं नये. चित्र चीर दाखवितें. वेदना मोजत नाहीं, इतकेंच.

मग अंथरूण धरावें काय? १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत २०३ रुग्णांपैकीं कांहींना दोन दिवस, तर कांहींना सात दिवस निजून राहण्यास सांगितलें. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस शेंकडा ४५ नीं कमी बुडाले, आणि बाकीच्या बाबतींत त्यांचें कांहींच नुकसान झालें नाहीं. बहुतेकांची उसण कांहीं आठवड्यांत उतरते. बाहेर आलेला गरहि पुष्कळदां शरीर आपणहून शोषून घेतें. तेव्हां सोसेल तितकें चालावें, एकाच स्थितींत फार वेळ बसूं नये, जड वस्तु उचलतांना गुडघे वांकवून ती अंगाजवळ धरावी.

मात्र कांहीं लक्षणें दिसतांच एक घटकाहि न दवडतां रुग्णालय गांठलें पाहिजे: लघवी अडणें, मलमूत्रावरील ताबा जाणें, मांड्यांच्या आंतील व गुह्य भागास बधिरता येणें, पायांतील शक्ति झपाट्यानें कमी होणें. हीं सांगण्यास आपल्या घरांतील स्त्रिया लाजतात, आणि त्या लाजेची किंमत कायमच्या अपंगत्वानें द्यावी लागते. ताप, उगाच घटणारें वजन किंवा पडझडीनंतरची कळ हींहि वैद्यांस अवश्य सांगावीं.

जाऊबाईंना डॉक्टरांनीं हेंच समजावलें. भीति ओसरली तशी त्या आधीं ओटीवर, मग अंगणांत, पुढें देवळापर्यंत चालूं लागल्या. दीड महिन्यांत दुखणें पुष्कळ उतरलें. पण खरा धडा आम्हां इतरांस मिळाला. ‘कंबर दुखते’ असें त्या वर्षभर म्हणत होत्या, आणि आम्ही तें ऐकून सोडून देत होतों. आतां तांदुळाचा डबा कंबरेइतक्या उंचीच्या ओट्यावर असतो, आणि तो हलवावयाचा झाल्यास घरांतील पुरुषहि उठतात.