उकड एकच, शब्द किती!

दोस्ता, आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला गेलं की समोर काय दिसतं? समुद्र! नुसता समुद्र!

आता नकाशा घे. आंजर्ल्यावर पट्टी ठेव आणि पश्चिमेकडे सरळ रेघ ओढ. सुमारे १,८०० किलोमीटर पाणीच पाणी. मग ओमानचा किनारा. मग अरबस्तानचं वाळवंट. मग तांबडा समुद्र. आणि पलीकडे, आफ्रिकेच्या काठावर, एरिट्रिया नावाचा देश!

देश लहानसा. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही छोटा. तिथे भाषा किती असतील? ओळख पाहू! दोन? चार?

चक्क नऊ! आणि त्या नुसत्या बोलीभाषा नाहीत हं. प्राथमिक शाळेत मुलांना आपापल्या भाषेत शिकवायचं, असं त्या देशाचं धोरण आहे.

तिग्रिन्या, तिग्रे आणि अरबी या तीन भाषा सेमिटिक. (तिग्रे आणि तिग्रिन्या, नावं जुळ्या बहिणींसारखी, पण भाषा दोन!) अफार, साहो, बिलेन आणि बेजा या चार कुशिटिक. सेमिटिक आणि कुशिटिक या एकाच मोठ्या घराण्याच्या दोन शाखा, म्हणजे लांबची चुलत भावंडं. उरलेल्या कुनामा आणि नारा या दोघी अगदी वेगळ्या घरच्या.

सेमिटिक भाषा शब्द कसे घडवतात ठाऊक आहे? उकडीच्या मोदकांचा दिवस आठव. उकड तीच. पारी करून सारण भरलं की मोदक. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घातलं की निवग्र्या! इथेही तसंच. बहुतेक वेळा तीन व्यंजनं म्हणजे उकड. मधले स्वर बदलले की झाला नवा शब्द!

आणि गंमत सांगू? या अरबी निवग्र्या तुझ्याही तोंडात आहेत! ह, क, म ही उकड घे. हुकूम. हुकूम सोडणारा तो हाकीम. औषध देणारा शहाणा माणूस तो हकीम. आणि शहाणपणाची युक्ती ती हिकमत! चारही शब्द एकाच उकडीचे. अरबीतून ते फारसीत गेले, फारसीतून दरबारी कागदांत आले आणि तिथून थेट आपल्या घरात.

शब्दच आले असं नाही, माणसंही आली. एरिट्रियाला लागून इथिओपिया आहे. तिकडून आलेल्या लोकांना आपल्याकडे हबशी म्हणत. मलिक अंबर त्यांच्यातलाच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा पुढे निजामशाहीचा वजीर झाला! १६१० मध्ये त्याने खडकी शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. आंजर्ल्याहून किनाऱ्याने उत्तरेला गेलं की मुरुड-जंजिरा लागतो. तिथले सिद्दीही मूळचे आफ्रिकेचे.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट ऐक. जुन्या अरबीत वाक्य बहुधा क्रियापदाने सुरू व्हायचं: ‘खाल्ला रामूने मोदक.’ तिग्रिन्याही सेमिटिकच. मग तिचं वाक्यही तसंच असणार ना?

अंहं! ‘रामूने मोदक खाल्ला.’ क्रियापद शेवटी!

ही सवय कुठून लागली? अभ्यासक म्हणतात, शेजाऱ्यांकडून! कुशिटिक भाषांत क्रियापद शेवटीच येतं. दोन हजारांहून जास्त वर्षं शेजारी राहिल्यावर वाक्यातल्या शब्दांची रांगच बदलली! (मराठीतही क्रियापद शेवटी येतं, पण तो योगायोग बरं का. मराठीचं घराणंच निराळं.)

आणि लिपी? अरबी उजवीकडून डावीकडे जाते. अफार आणि साहो रोमन अक्षरांत लिहितात. तिग्रिन्याची गीझ लिपी मात्र आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे! तिच्यात बाराखडीसारखंच काहीतरी आहे. स्वर बदलला की अक्षराचा आकार बदलतो. फक्त रूपं बारा नाहीत, सात!

जोडाक्षरं? ती नाहीतच! नुसता म् आणि अगदी अस्फुट स्वर लागलेला म् या दोघांसाठी एकच चिन्ह. दुहेरी व्यंजन बोलताना दुप्पट ठसक्यात म्हणायचं, पण लिहायचं एकदाच. म्हणजे ‘उज्ज्वल’मध्ये ज किती, या प्रश्नावर तिकडच्या मुलांचे मार्क कधीच जात नसणार!