सुटका झाली नाही तर?

मित्रहो, आजचा विषय आहे 'छळ आणि देवाच्या सुटकेवरचा भरवसा'. विषय मोठा आहे, म्हणून मी बायबलमधला एकच अध्याय हाताशी घेतो: 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा बारावा अध्याय.

आधी प्रसंग बघू. काळ साधारण इसवी सन ४१ ते ४४ मधला. यरुशलेमात हेरोद अग्रिप्पा पहिला याचं राज्य आहे. ख्रिस्ती मंडळी अजून लहान आहे. हेरोद तिच्यातल्या काहींचा छळ सुरू करतो आणि योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारतो. याकोबाच्या मृत्यूबद्दल एवढं एकच वाक्य आहे. लोकांना हे आवडलं असं दिसल्यावर तो पेत्रालाही धरतो. सण चालू असतो, म्हणून तो संपेपर्यंत पेत्र तुरुंगात. पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या, म्हणजे १६ जण. दुसऱ्या दिवशी त्याला लोकांपुढे काढायचं, आणि आदल्या रात्री दूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र मोकळा!

आता बघा. याकोब आणि पेत्र, दोघंही गालीलचे मासे धरणारे. दोघंही येशूच्या अगदी जवळच्या तिघांपैकी. एक मारला गेला, एक सुटला. का? अध्याय कारण देत नाही.

आपण मात्र कारण लगेच पुरवतो. पेत्राचा विश्वास मोठा असेल, किंवा मंडळीनं त्याच्यासाठी जास्त कळकळीनं प्रार्थना केली असेल. पण हे उत्तर तोच अध्याय टिकू देत नाही. पेत्र सुटून मार्कच्या आईच्या घरी येतो. आत लोक प्रार्थना करताहेत. तो दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरून आत धावते. आतले लोक काय म्हणतात? तुला वेड लागलंय! पेत्र बिचारा बाहेर ठोठावतोच आहे. म्हणजे ज्यांच्या प्रार्थनेचं उत्तर दारात उभं होतं, त्यांनाच ते खरं वाटेना. मोठ्या विश्वासाचं बक्षीस म्हणून सुटका मिळते, हे गणित इथं बसत नाही.

हे मी आग्रहानं का सांगतोय? कारण हे गणित दुःखात असलेल्या माणसाला फार जखमी करतं. आजारात माणूस गेला, विश्वासापायी कुणाचं घर गेलं, आणि भेटायला आलेला म्हणतो, 'तुमचा विश्वास कमी पडला'. ईयोबाच्या मित्रांनी जवळजवळ हेच केलं: दुःख आहे म्हणजे दोष तुझाच. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नाही.

आता थोडं तत्त्वज्ञानाकडे वळू. मराठीत दोन बोलण्याच्या रीती आहेत. 'उद्या पाऊस पडेल असा माझा विश्वास आहे', हा झाला अंदाज. पाऊस पडला नाही, की अंदाज चुकला, विषय संपला. पण 'मी तुझ्यावर विश्वास ठेवतो' हे वेगळं आहे. इथं मी एका व्यक्तीशी स्वतःला बांधून घेतो. दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला काय सांगतात? आमचा देव सोडवायला समर्थ आहे; आणि त्यानं नाही सोडवलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढं वाकणार नाही. त्यांनी निकालाचा अंदाज बांधला नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो त्यांनी ठरवला होता.

तुम्ही विचाराल, सर, असा भरवसा कशानंच डळमळणार नसेल तर त्याला अर्थ काय उरला? प्रश्न रास्त आहे. अँटनी फ्लू या इंग्रज तत्त्वज्ञानं तो विचारला होता, आणि बेसिल मिचेल यांनी एका गोष्टीतून उत्तर दिलं. ही चर्चा १९५५ च्या एका निबंधसंग्रहात आहे. गोष्ट अशी: शत्रूनं व्यापलेल्या देशात एका भूमिगत कार्यकर्त्याला एक अनोळखी माणूस भेटतो. रात्रभर बोलणं होतं. तो सांगतो, मी तुमच्याच बाजूचा आहे, काहीही झालं तरी माझ्यावर विश्वास ठेव. पुढे तो कधी मदत करताना दिसतो, तर कधी शत्रूच्या पोलिसांच्या गणवेशात आपल्याच माणसांना पकडून देताना. कार्यकर्ता म्हणतो, तरी तो आपलाच आहे. पण मिचेल यांचा मुद्दा नीट ऐका. विरोधी पुरावा या कार्यकर्त्याला दिसतो, आणि तो त्याला छळतो. दिसलंच नाही असं जो म्हणेल, त्याचा भरवसा पोकळ. म्हणूनच स्तोत्रसंहितेत इतक्या तक्रारी आहेत. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याच्याकडे माणूस तक्रार घेऊन जात नाही.

मग सुटका म्हणजे नेमकं काय? तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढा. पौल म्हणतो, मी सिंहाच्या जबड्यातून सुटलो, आणि प्रभू मला प्रत्येक दुष्ट योजनेतून सोडवील. पण थोडं आधीच तो लिहितो की माझी जायची वेळ आली आहे! म्हणजे मरण टळेल असं तो म्हणतच नाही. दुष्टपणाला माझ्यावर शेवटचा हक्क मिळणार नाही, असं तो म्हणतो. पेत्राचंही तेच. परंपरा सांगते की पुढे रोममध्ये नीरोच्या काळात तो मारला गेला. तुरुंगातून सुटला तो काही वर्षांपुरता.

मात्र याचा अर्थ मुकाट्यानं सोसा, असा कुणी काढू नये. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. पुढे त्यानं थेट कैसराकडे दाद मागितली. देवावर भरवसा आणि कायद्याकडे दाद, या दोन्ही गोष्टी त्यानं एकाच वेळी केल्या.

आणि दुःखात असलेल्या माणसाजवळ बसाल तेव्हा? तुम्ही नक्की सुटाल, असं भविष्य सांगू नका. त्या रात्री त्या घरातल्या लोकांकडेही खात्री नव्हती. याकोब गेला हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते पेत्रासाठी एकत्र जमले, जागे राहिले. तेवढं आपल्यालाही करता येईल.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.