डिजिटल फलक, माहिती आणि समूह : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मराठवाड्यात 'डिजिटल' हा शब्द उच्चारला की संगणकाआधी डोळ्यांसमोर येतात ते चौकाचौकांतील वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. या रूढ अर्थाहून निराळा, विजेवर चालणारा आणि ज्यावरील मजकूर क्षणात बदलता येतो असा प्रदर्शनफलक हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा फलकांविषयी बोलताना नवोपक्रम, ज्ञानाधिष्ठित समाज, लोकसहभाग अशी भारदस्त शब्दयोजना सहजगत्या केली जाते. परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनची पोती घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या शब्दांचा अर्थ काय, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

फलकाचे तंत्र आणि देवनागरी

प्रकाश उत्सर्जित करणारा डायोड, म्हणजेच एलईडी, हा या फलकाचा मूळ घटक होय. 1962 मध्ये निक होलोन्याक यांनी दृश्य तांबडा प्रकाश देणारा डायोड सिद्ध केला. म्हणूनच पहिल्या पिढीतील फलक बहुधा तांबड्या अक्षरांचे असत. तेजस्वी निळा डायोड मात्र 1990 च्या दशकापर्यंत हाती आला नव्हता. तो घडविणारे अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्याची भर पडल्यानेच बहुरंगी पडदा शक्य झाला.

रंगांपेक्षा अक्षरांचा प्रश्न मराठी वाचकास अधिक निकटचा आहे. रोमन अक्षर आडव्या पाच व उभ्या सात ठिपक्यांच्या चौकटीत बसते. देवनागरीस शिरोरेषा हवी, तिच्यावर मात्रा व रफार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. एवढा पसारा सात ओळींत मावत नाही. त्यासाठी साधारणतः दुपटीहून अधिक ओळी लागतात. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेल्या आणि 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे विकसित केलेल्या 'जिस्ट' तंत्रामुळे संगणकावर भारतीय लिप्यांची वाट मोकळी झाली. तथापि स्वस्त फलक घेताना ओळींची काटकसर होते आणि 'क्विंटल' हा शब्द वाचताना वाचकास अडखळावे लागते. वाचता न येणारी सूचना ही नसलेल्या सूचनेसारखीच समजावी.

मोंढ्यातील भाव

बाजार समित्यांतील आवक व दर एकत्रित करणारी 'अ‍ॅगमार्कनेट' ही व्यवस्था 2000 मध्ये सुरू झाली. 14 एप्रिल 2016 रोजी 'ई-नाम'चा प्रारंभ झाला. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर आता कोणासही भ्रमणध्वनीवर पाहता येतात. मग मोंढ्यात मोठ्या फलकाची गरज ती काय, असा प्रश्न उपस्थित होतो.

त्याचे उत्तर समूह या संकल्पनेत आहे. भ्रमणध्वनीवरील दर एकटा शेतकरी पाहतो आणि आडत्यासमोर त्याला तो सिद्ध करावा लागतो. फलकावरील दर शेतकरी, आडते, खरेदीदार व हमाल एकाच वेळी पाहतात. आपण पाहिले आहे हे इतरांनाही ठाऊक आहे, याची प्रत्येकास जाणीव असते. सौद्याच्या वेळी वाद झाला तर बोट दाखविण्यास एक सामायिक जागा उपलब्ध होते. फलकाचे खरे सामर्थ्य त्याच्या झगमगाटात नसून या सामायिकतेत आहे.

परंतु फलकावर अर्धवट मजकूर असेल तर हेच सामर्थ्य घातक ठरते. 2024-25 च्या खरीप हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि खुल्या बाजारातील दर दीर्घकाळ त्याखाली राहिले. शासकीय खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती. पावसात भिजलेला माल या कसोटीस उतरेना, तेव्हा नोव्हेंबर 2024 मध्ये ती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली. केवळ 4892 हा आकडा झळकविणारा फलक शेतकऱ्यास खरेदी केंद्रावरून रिकाम्या हाताने परत पाठवील. जुनी 12 टक्क्यांची अट दाखविणारा फलक त्यास मोंढ्यात पडेल भावाने माल विकण्यास भाग पाडील. क्विंटलमागे 500 रुपयांचाच फरक धरला तरी 20 क्विंटल मालावर 10,000 रुपये जातात.

वारणेचा अनुभव

या संदर्भात 1998 मध्ये आरंभलेल्या वारणा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाचे स्मरण उचित ठरेल. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील 70 गावे संगणक केंद्रांनी जोडून पीकसल्ला, शिक्षण, शासकीय सेवा असे सारे गावात आणण्याची ही योजना होती. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यत्वे उसाचे वजन, देयके अशा कारखान्याशी निगडित कामांपुरता राहिला. पुढे 2006-07 च्या सुमारास संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीचे लघुसंदेश वापरून पाहिले आणि तेच काम अल्प खर्चात होऊ शकले. प्रकल्प फसला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या माहितीमागे साखर कारखान्यासारखी उत्तरदायी संस्था होती, तेवढीच माहिती टिकली.

फलक आणि उत्तरदायित्व

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 मध्ये माहितीच्या प्रसाराच्या साधनांत सूचनाफलकाचा स्पष्ट उल्लेख आहे. माहिती स्थानिक भाषेत द्यावी, हेही त्यातच अभिप्रेत आहे. परभणीस आशयाची वानवा नाही. 1972 मध्ये स्थापन झालेले येथील कृषी विद्यापीठ, आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत दर मंगळवारी व शुक्रवारी हवामानाधारित कृषिसल्ला प्रसृत करते. सप्टेंबर 2024 च्या प्रारंभी जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीसारख्या प्रसंगी मात्र मंगळवारचा सल्ला शुक्रवारपर्यंत तसाच फिरत राहणे परवडणारे नसते. प्रत्येक मजकुराखाली दिनांक, वेळ आणि तो बदलणाऱ्या कर्मचाऱ्याचे पदनाम असावे, तसेच मुदत संपताच मजकूर आपोआप पुसला जावा, अशी रचना अल्प खर्चात शक्य आहे. ती निविदेतच नमूद करावी लागते. फलक उभा राहिल्यानंतर तिची आठवण सहसा कोणास होत नाही.

अक्षरओळख नसलेल्यांचा प्रश्न त्यानंतरही उरतोच. कोतवालाची दवंडी घरात बसलेल्या वृद्धेपर्यंतही पोहोचत असे. फलकास ध्वनिक्षेपक जोडून तोच मजकूर दिवसातून दोनदा मराठीतून ऐकविण्याची सोय केल्यास दवंडीचे हे कार्य काही अंशी त्याच्याकडे येऊ शकेल.