साडेबावीस मिनिटं

आमच्या वरच्या मजल्यावर बँकेतले एक गृहस्थ राहतात. वय बावन्न, गुडघ्याला पट्टा, सोसायटीच्या टँकरचा हिशेब त्यांच्याकडे. जूनमध्ये एका सकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि ते मला म्हणाले, "मॅडम, सापडला!" मला वाटलं, टँकरवाला. ते एका कॅसेटबद्दल बोलत होते.

त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत बेंगळुरूत चार पोरांचा एक रॉक बँड होता. तीन वर्षं वाजला आणि एकही रेकॉर्ड न काढता मोडला. गायकाने १९९५ साली घरी केलेला डेमो कुणाच्या तरी माळ्यावर, जुन्या सुटकेसमध्ये निघाला होता. डेमो म्हणजे गाण्याचा कच्चा खर्डा. सोबतच्या वादकांना चाल कळावी किंवा एखाद्या कंपनीला ऐकवता यावं म्हणून केलेला. या खर्ड्याची वाट साठ-सत्तर माणसं तीस वर्षं बघत होती. त्यातली निम्मी आता वाचायला चष्मा लावतात.

टँकरबद्दलसुद्धा कधी आवाज न चढवणारा हा माणूस लिफ्टमध्ये हातवारे करत होता. मला त्या कॅसेटपेक्षा त्याचं नवल वाटलं, आणि म्हणून मी मागे लागले. बँडचं नाव १५ ऑगस्टला तेच जाहीर करणार, तोवर मी कुठे लिहायचं नाही, या अटीवर मला एस. पी. रोडला नेण्यात आलं. ती अट मी अजून पाळते आहे.

एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड, हा बेंगळुरूचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. मदरबोर्ड, मोटारी, वायरींची भेंडोळी, आणि मधून वाट काढणारे हमाल. त्यातल्या एका गल्लीत, अंधाऱ्या जिन्यावरून वर गेलं की टेपडेक दुरुस्त करणाऱ्या अण्णांची खोली. दारातच एक वास येतो. स्पिरिट, धूळ आणि विरघळलेलं रबर. जुन्या डेकमधला पट्टा वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याचं डांबर होतं. अण्णांची बोटं त्याने कायमची काळी झाली आहेत. घरी आल्यावर माझ्या ओढणीलाही तो वास होता, आणि दोन धुण्यांनंतरही पुरता गेला नाही.

अण्णा साठी ओलांडलेले. मी मराठी म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुसून दिलं. शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून आमचं घराणं इथे, असं ते सांगतात. ते खरं असेल तर पावणेचारशे वर्षं तरी झाली. मी पडताळत बसले नाही. त्यांचं मराठी घरातलं, हेल कन्नड. मला ते लगेच 'अक्का' म्हणायला लागले.

कॅसेट टीडीकेची, नव्वद मिनिटांची. लेबलावर बॉलपेनने ठळक 'डेमो ९५' लिहिलेलं. त्याच्याखाली आधीचं काहीतरी, गोल वळणाच्या कन्नड अक्षरांत, रेघोट्या मारून खोडलेलं. तिकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

बँकवाल्यांचा चेहरा मात्र उतरलेला होता. त्यांनी घरी साध्या डेकवर कॅसेट लावून बघितली होती. ए साइडला ड्रम्स चिखलातून चालल्यासारखे, बी साइडला आधी कसलंसं भजन, मग उलट्या भाषेत घोगरं भूत. "टेप गेली," असं त्यांनी चाहत्यांच्या ग्रुपवर कळवलंही होतं, आणि एका बाईंनी म्हैसूरहून फोन करून त्यांना बरंच सुनावलं होतं. त्या बाई आता इथे, खोलीतल्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीवर बसलेल्या होत्या.

अण्णांनी कॅसेट लावली, पाच सेकंद ऐकली आणि काढली.

"भूत नाही, चार ट्रॅक आहेत," ते म्हणाले.

साध्या कॅसेटच्या टेपवर चार पट्ट्या असतात. ए साइडच्या दोन, आणि उलट दिशेने जाणाऱ्या बी साइडच्या दोन. १९७९ साली टीअॅक-टॅस्कॅमने एक मशीन काढलं, पोर्टास्टुडिओ. ते या चारही पट्ट्यांवर एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने आवाज भरायचं. एकावर ड्रम्स, एकावर बास, एकावर गिटार, एकावर गळा. स्टुडिओचं भाडं न भरता घरच्या टेबलावर अख्खा बँड. असं ध्वनिमुद्रण साध्या डेकवर लावलं की अर्ध्या वेगाने वाजतं, आणि कॅसेट उलटवली की उरलेल्या दोन पट्ट्या मागून पुढे. १९९५मध्ये या पोरांना ते मशीन आखातातून आलेल्या कुणाच्या तरी भावाकडून एका रात्रीपुरतं मिळालं होतं. सकाळी परत द्यायचं होतं.

"म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर किती मावतं?" मी विचारलं.

"साडेबावीस." अण्णांनी उत्तर आधीच काढून ठेवलं होतं. "दोन्ही बाजू एकदम वापरल्या, पंचेचाळीस राहिली. वेग दुप्पट, साडेबावीस."

बँकवाल्यांनी तो आकडा लगेच ग्रुपवर टाकला. पुढचा तासभर मोबाइल थरथरत राहिला. साडेबावीस मिनिटांत किती गाणी? तीन की चार? एकाने तर जुन्या कार्यक्रमाच्या आठवणीतून मिनिटं मांडून यादी पाठवली. तीस वर्षं वाट पाहिलेली माणसं साडेबावीस मिनिटांची वाटणी करत होती.

मला हे आधी थोडं हास्यास्पद वाटलं, हे कबूल करते. पण बाहेरच्या जगात तरी वेगळं काय चालतं? ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी असल्याच मशीनवर गाणी भरली. बँडला दाखवायला म्हणून. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून हिंडायचा. बँडबरोबर केलेली रूपं मनासारखी झाली नाहीत, तेव्हा शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. मग चाहते त्या नापास झालेल्या रूपांच्या मागे लागले. ती २०२५च्या ऑक्टोबरात निघाली. त्रेचाळीस वर्षं! मेटॅलिकाचा १९८२चा डेमो तर चाहत्यांनी एकमेकांना टपालाने कॉपी पाठवत जगभर नेला, आणि बँडने तो २०१५मध्ये पुन्हा काढला तोही कॅसेटवरच.

बेंगळुरूला हे वेड जास्त लागावं याला कारण आहे. इथे वाजलं फार, उरलं कमी. सत्तरच्या दशकात इथे ह्यूमन बॉन्डेज होता. सुरेश आणि रमेश शोत्तम हे भाऊ गिटार आणि ड्रम्सवर, राधा थॉमस गायला. आज त्या बँडबद्दल जे कळतं ते बहुतेक ऐकणाऱ्यांच्या तोंडून. आपल्याकडेही, अभिनेते आत्माराम भेंड्यांचा मुलगा नंदू १९७४मध्ये नाट्यदिग्दर्शक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास व्हायचा, ते पाहिलेले लोक अजून त्या आवाजाचं वर्णन करताना हात वर करतात. त्या हाताखेरीज आपल्याकडे दुसरं काय आहे? मुंबईच्या अॅटॉमिक फॉरेस्टचं नशीब बरं, त्यांची 'ऑब्सेशन ७७' एका अमेरिकन कंपनीने २०११मध्ये पुन्हा काढली.

अण्णांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढले. टेपच्या कडेला पांढरी बुरशी होती. बेंगळुरूचा पाऊस तिला मानवतो. आतला तुरीच्या दाण्याएवढा लोकरीचा ठोकळा, जो टेपला हेडवर दाबून धरतो, तो सुटून कोपऱ्यात पडला होता. तो चिकटवणं, टेप नव्या खोक्यात घालणं, हेड पुसणं, सगळं पाऊण तासात झालं. मग त्यांनी कपाटातून टॅस्कॅमचं जुनं चार ट्रॅकचं मशीन काढलं, दुपट्यातून बाळ काढावं तसं.

"दोनदाच वाजवायची," ते म्हणाले. "एकदा स्क्रू लावायला, एकदा उतरवून घ्यायला."

हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. ज्या मशीनवर भरलं त्याच्या हेडचा तिरपेपणा वाजवणाऱ्या हेडला द्यावा लागतो. अण्णा डोळे मिटून स्क्रू फिरवत होते. गिटार ब्लँकेटखालून वाजत होती. केसभर फिरला, आणि ब्लँकेट गेलं. तारेवर घासलेलं बोट ऐकू आलं. म्हैसूरच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. बाय-टू कॉफी, एका कपाची दोघांत वाटलेली, आली होती, ती तशीच साय धरत राहिली.

गाणी कशी होती? खरं सांगायचं तर दोन साधारण, एक चांगलं. गायक वरच्या स्वराला पोचत नाही, पोचायचा प्रयत्न करतो. पण मधल्या गाण्यात तो हसतो, कुणीतरी स्टूल सरकवतं आणि चुकून बासची तार वाजते. बाकीच्या तिघांचं लक्ष तिथेच होतं. "हा स्टूलचा आवाज! हे त्याचं घर!" बँकवाले म्हणाले.

चौथं गाणं अर्ध्यात होतं तेव्हा गायकाचा आवाज एकदम वर चढला. गिटार, ड्रम्स, सगळंच आगीच्या बंबासारखं वर गेलं आणि तुटलं.

अण्णा हसले. "करंट गेला."

वीज गेली तेव्हा मशीन मंदावत थांबलं होतं. मंद टेपवर भरलेला आवाज नेहमीच्या वेगाने वाजवला की असा चढतो. त्या रात्री वीज परत कधी आली कोण जाणे, सकाळी मशीन तर द्यायचं होतं. घड्याळावर वीस मिनिटं झाली होती.

लगेच वाद. बँकवाले म्हणाले, तिथे हळूच आवाज उतरवून संपवा, आणि जमलं तर एआयने गळाही वेगळा काढून साफ करा, बीटल्सनी २०२३मध्ये लेननच्या कॅसेटचं केलं तसं. बाई म्हणाल्या, वीज गेली ती ठेवा, ९५ सालचं बेंगळुरू तेच आहे. अण्णा म्हणाले, मी घासत नाही, हवं तर दुसरीकडे न्या. माझं मत कुणी विचारलं नाही. मी मनातल्या मनात अण्णांच्या बाजूने होते.

या भांडणात टेप चालूच होती. तुटलेल्या गाण्यानंतर स्पीकरमधून चिमण्यांच्या थव्यासारखी किलबिल यायला लागली. "बंद करा, संपलं," बँकवाले म्हणाले. अण्णांनी बंद केलं नाही. मग कॅसेट काढली, शेजारच्या साध्या डेकमध्ये बी साइड लावली.

भजन. कुणीतरी रेडिओसमोर माइक ठेवून भरलेलं, मागे खरखर. पुरंदरदासांचं पद, अण्णांनी पहिल्याच ओळीला ओळखलं. पदाच्या मध्ये एक बाई, अगदी माइकजवळ, पोराला कन्नडमध्ये म्हणते, "बागिलु हाको." दार लाव रे. दार लागल्याचा आवाज. पद पुढे चालू.

पोराने आईची कॅसेट घेऊन त्यावर रॉक भरलं होतं. साडेबाविसातली अडीच मिनिटं वीज गेल्यामुळे शिल्लक राहिली. साध्या वेगाने तीच या बाजूला पाच, त्या बाजूला पाच.

बँकवाल्यांचे डोळे चमकले. "बोनस ट्रॅक!" त्यांनी तिथूनच गायकाला निरोप पाठवला. तो आता परदेशात असतो, आणि डेमोला त्याची परवानगी एकाच वाक्यात मिळालेली होती. काढा, पण मला ऐकवू नका. बाईच्या वाक्याचा वीस सेकंदांचा तुकडाही त्यांनी जोडला.

उत्तर यायला अर्धा तास लागला. तोवर अण्णांनी एका गिऱ्हाइकाचा वॉकमन दुरुस्त केला.

डेमोचं काय हवं ते करा, असं उत्तर होतं. ही दहा मिनिटं डेमो नाही. ती मला पाठवा आणि तुमच्याकडची पुसून टाका. कॅसेटही पाठवा.

बँकवाले बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. अण्णांनी फाइल पाठवली, पोचली का विचारलं, आणि आम्हा सगळ्यांदेखत आपली पुसली. "तुमच्या फोनमधलं?" त्यांनी विचारलं. बँकवाल्यांनीही पुसलं, जरा सावकाश.

कॅसेट जुन्या डबीत घालताना अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि लेबल खिडकीकडे तिरकं धरलं. रेघोट्यांखालची अक्षरं त्यांनी बोट फिरवत वाचली, "दासर पदगळु." दासांची पदं. मग खाली, अजून बारीक अक्षरांत काहीतरी होतं. तेही त्यांनी वाचलं, पण मोठ्याने नाही.