बिनतारी यंत्रांतील चोरवाटा

आपल्या अंजनगाव सुर्जीहून गाविलगड काही फार दूर नाही. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा बाहेरचा तट तोफांनी फोडला. पण आतला कोट पडला तो शिड्या लावून भिंत चढलेल्या तुकडीने आतून दरवाजा उघडला म्हणून. पंधरवड्यात आपल्याच गावी शिंद्यांनी तह केला.

आज आपण मोबाइलचा पासवर्ड जिवापाड जपतो. परंतु मोबाइल असो की शेतातला पंप दुरून चालू करणारे यंत्र असो, त्यांतील वायफाय वा ब्लूटूथची चिप हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याचा कार्यक्रम कंपनी लिहिते. आपल्या दृष्टीस तो पडत नाही. हवेतून आलेला संदेश प्रथम तिथे पोचतो, पासवर्डची विचारपूस मागाहून. तिथेच चूक असली तर कुलूप काय कामाचे?

२०२० साली ‘ईसेट’च्या संशोधकांना ब्रॉडकॉम व सायप्रेस यांच्या चिपांत असा दोष आढळला. जोडणी तुटताच गुप्त किल्लीच्या जागी नुसती शून्ये येत, आणि चिपमध्ये उरलेला मजकूर त्याच शून्य-किल्लीने बाहेर पडे. अशी यंत्रे शंभर कोटींहून अधिक असावीत, असा त्यांचा अंदाज होता.

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची (तिचे एक कार्यालय पुण्यातही आहे) ईएसपी-३२ ही स्वस्त चिप कित्येक घरगुती यंत्रांत असते. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या टार्लॉजिकने तीत २९ अप्रकाशित आज्ञा सापडल्याचे सांगितले आणि जगभर ‘चोरदरवाजा’ म्हणून ओरड झाली. वस्तुतः चिप आधीच ज्याच्या ताब्यात आहे, त्यालाच त्या आज्ञा वापरता येतात. पुढे टार्लॉजिकनेही तो शब्द मागे घेतला. उलट २०२१ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी दाखवलेला दोष, आमच्या मते, कितीतरी घातक. नुसते जवळ उभे राहून, ब्लूटूथवरून, ह्याच चिपमध्ये परका कार्यक्रम चालवता येत होता! त्याचा गवगवा मात्र फारसा झाला नाही.

कंपन्या असे दोष दुरुस्त करतात, ह्याही केल्या. पण दुरुस्ती यंत्रापर्यंत पोचली पाहिजे. मोबाइलला अपडेट येते. पेटीत बसवलेल्या पंपाच्या यंत्राला ते कोण देणार? घेतानाच दुकानदाराला हे विचारावे. जे यंत्र अपडेट घेतच नाही, ते घरच्या वायफायला न जोडता पाहुण्यांसाठी राखलेल्या वेगळ्या जोडणीवर ठेवावे, आणि त्याच्या हाती मोटर देण्यापूर्वी, विहिरीत पाणी नसताना ती रात्रभर कोरडी चालली तर काय होईल, ह्याचा हिशेब करावा.